चूक यंत्र दुरुस्त करील. कारण कोण शोधणार?

संगणकाची आज्ञावली लिहायला शिकणाऱ्या मुलाला सर्वात जास्त रडविते ते अवघड गणित नव्हे, तर एक क्षुल्लक चिन्ह. 'सी' भाषेत ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला, 'पायथन'मध्ये 'इफ'च्या ओळीअखेर कोलन सुटला, एखादी ओळ चार जागा आत सरकवायची ती तीनच सरकली, किंवा व्हेरिएबलचे नाव एकदा लहान आणि एकदा मोठ्या अक्षराने लिहिले गेले, की संगणक हटून बसतो. पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरे येतात. बहुतेक वेळा चूक कोणत्या ओळीत आहे ते त्या अक्षरांतच सांगितलेले असते. पण ज्याची दहावी मराठी माध्यमातून झाली आणि ज्याच्या घरात संगणकाला हात लावणारा तो पहिलाच, त्याला तो संदेश शिव्या दिल्यासारखा वाटतो. तास जातो, दोन तास जातात, प्रात्यक्षिकाची वेळ संपते आणि 'हे आपले काम नव्हे' असा समज पक्का होतो. एका कोलनपायी किती मुलांनी हा रस्ता सोडला असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता परिस्थिती बदलली आहे. तीच चुकलेली ओळ आणि तोच लाल संदेश कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकापुढे ठेवला की काही सेकंदांत दुरुस्त ओळ समोर येते. गिटहबचा 'कोपायलट' जून २०२१ मध्ये चाचणीसाठी खुला झाला आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' आले. त्यानंतर अशा सहायकांची रांगच लागली. आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यांपैकी एखादे नाव ठाऊक नाही असे क्वचितच आढळेल. तेव्हा हे साधन वापरावे की वापरू नये, हा वाद आता निरर्थक आहे. आपल्या मुलांनी ते जरूर वापरावे. प्रश्न आहे तो कसे वापरावे आणि वापरून शेवटी काय पदरात पाडून घ्यावे, हा.

प्रथम या साधनाचे श्रेय त्याला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. आजवर अशा साध्या चुकीत अडकलेल्या मुलाला मदत कोणाकडून मिळत होती? ज्याचा मोठा भाऊ पुण्यात किंवा हैदराबादेत संगणक कंपनीत होता, त्याला एका फोनवर उत्तर मिळत होते. ज्याच्या बापाकडे पैसा होता, त्याला खासगी क्लास होता. उरलेल्यांनी इंग्रजीत प्रश्न लिहावा आणि कोणी परदेशातला जाणकार कृपा करील म्हणून वाट पाहावी. प्रश्न नीट मांडला नाही तर तिथेही टोमणे. वर्गात हात वर करून विचारावे, तर 'एवढेही येत नाही का?' हे ऐकण्याची भीती. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला ही भीती दुप्पट असते, कारण त्याच्या अज्ञानाचा संबंध लगेच त्याच्या जातीशी आणि आरक्षणाच्या जागेशी जोडला जातो. यंत्राला यातले काही ठाऊक नसते. त्याला दहादा तोच प्रश्न विचारला तरी ते कपाळाला आठ्या घालत नाही. त्याला मराठीत विचारता येते आणि ते मराठीत समजावून सांगते. ही गोष्ट लहान नाही.

संगणकाच्या क्षेत्रातही ज्ञानाची सोवळी होती, हे आपल्या वाचकांना ऐकून नवल वाटेल. पन्नासच्या दशकात अमेरिकेत आज्ञावली लिहिणारे मोजके लोक होते. यंत्राच्या सांकेतिक आकड्यांत लिहिणे हीच खरी विद्या, ती सामान्यांना झेपणार नाही, असा त्यांचा तोरा होता. 'फोर्ट्रान' ही भाषा आयबीएममध्ये तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख जॉन बॅकस यांनी पुढे त्या काळाविषयी लिहिताना या मंडळींना चक्क पुरोहितवर्गाची उपमा दिली. १९५७ साली फोर्ट्रान आली आणि शास्त्रज्ञ आपली सूत्रे स्वतः संगणकाला सांगू लागले. त्याच्या आधी, १९५२ मध्ये, ग्रेस हॉपर या विदुषीने पहिला 'कंपायलर' तयार केला, तेव्हा संगणक असे काही करू शकतो यावर लोक विश्वास ठेवायला तयार नव्हते. विद्या सोपी झाली की तिच्या रखवालदारांना राग येतो, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून 'यंत्राची मदत घेणारा तो खरा प्रोग्रामर नव्हे' असे जे आज नाक मुरडून म्हणतात, त्यांच्याकडे आपल्या मुलांनी लक्ष देण्याचे कारण नाही.

परंतु पुरोहिताची जागा यंत्राला देणे हेही आपले काम नव्हे! खरी काळजी इथून सुरू होते.

हे सहायक साध्या चुका इतक्या झटपट कशा ओळखतात? कारण तीच चूक जगभरच्या लाखो विद्यार्थ्यांनी आधी केलेली आहे, तिचे उत्तर असंख्य वेळा लिहिले गेले आहे आणि त्या लिखाणावर हे यंत्र पोसलेले आहे. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते सांगते. विसरलेला कोलन, न मिटलेला कंस, चुकलेले स्पेलिंग, दशांश संख्येच्या जागी पडलेला मजकूर या बाबतीत त्याचा अंदाज बहुधा बरोबर येतो. शिवाय तो बरोबर की चूक याचा निवाडा संगणक लगेच करतो: आज्ञावली चालते किंवा चालत नाही.

पण चुकांचे प्रकार तीन आहेत. पहिली व्याकरणाची चूक. तिथे आज्ञावली सुरूच होत नाही. दुसरी चालता चालता होणारी चूक. म्हणजे शून्याने भागाकार झाला, हवी ती फाईल सापडली नाही, आणि आज्ञावली मध्येच कोसळली. तिसरी अर्थाची चूक. तिथे आज्ञावली सुरळीत चालते, लाल अक्षर येत नाही, कोणी ओरडत नाही, आणि उत्तर मात्र चुकीचे असते. पहिल्या दोन प्रकारांत संगणक स्वतःच बोंब मारतो. तिसऱ्या प्रकारात माणसालाच ओळखावे लागते.

एक उदाहरण घेऊ. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नसावे, अशी अट आहे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने पात्र अर्जदारांची यादी काढणारी छोटी आज्ञावली लिहिली आणि अटीत 'अडीच लाखांपेक्षा कमी' असे चिन्ह टाकले. आज्ञावली विनातक्रार चालेल. पण ज्याच्या दाखल्यावर नेमके दोन लाख पन्नास हजार लिहिले आहे तो यादीतून गळेल! नियम सांगतो 'जास्त नसावे', म्हणजे 'कमी किंवा समान'. फरक एका चिन्हाचा. उत्पन्नाच्या दाखल्यावर गोल आकडे किती असतात, हे तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहिलेल्याला सांगायला नको. हा नियम यंत्राला सांगितला नाही, तर त्यात चूक आहे हे त्याला कळणार कसे? यंत्राला भाषेचे व्याकरण येते, पण शासन निर्णयातली अट आणि तिच्यामागचा हक्क त्याला तुम्ही सांगावा लागतो. ते ज्ञान आपल्या मुलांकडे आहे. रांगेत उभे राहून, अर्ज परत आल्याचा अनुभव घेऊन त्यांनी ते मिळविले आहे. ही त्यांची कमतरता नसून पुंजी आहे, आणि संगणकाच्या धंद्यात तिची किंमत मोठी आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. समजा, त्याच यादीत एका मुलीच्या जात प्रमाणपत्राच्या क्रमांकाचा रकाना रिकामा आहे. आज्ञावली त्या नावापाशी येऊन कोसळते. घाईतला विद्यार्थी लाल संदेश उचलून सहायकाला देतो आणि म्हणतो, 'एरर घालव.' सहायक अनेकदा करतो काय, तर 'चूक आली तर ती सोडून पुढे जा' अशा अर्थाच्या दोन ओळी घालून देतो. पायथनमध्ये त्याला 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' म्हणतात. एरर खरोखर जाते. आज्ञावली शेवटपर्यंत धावते. विद्यार्थी खूश! पण त्या मुलीचे नाव यादीत नाही आणि ते नाही हे कोणालाच कळत नाही. इथे चूक दुरुस्त झालेली नाही, तिचे तोंड दाबले गेले आहे. तक्रार बंद झाली म्हणजे अन्याय मिटला, असे समजणारे अधिकारी आपण खूप पाहिले आहेत. तोच कारभार आपल्या हातून, आपल्याच आज्ञावलीत होता कामा नये. योग्य दुरुस्ती अशी की रिकाम्या रकान्यांची वेगळी यादी काढावी आणि ती माणसापुढे तपासणीसाठी ठेवावी.

असल्या चुकांनी काय अनर्थ होतो, याचा दाखला इंग्लंडने दिला आहे. तिथल्या टपाल खात्यात 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली १९९९ पासून बसविण्यात आली. तिच्या दोषांमुळे छोट्या टपाल कार्यालयांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. पोस्टमास्तर सांगत होते की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पण यंत्र चुकत नाही, असे गृहीत धरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरविण्यात आले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार उद्ध्वस्त झाले. अखेर २०२४ साली ब्रिटिश संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यंत्राचा शब्द प्रमाण मानला आणि गरिबाचा शब्द खोटा मानला, की काय होते ते हे असे. आपल्याकडे रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, घरकुल सारे काही संगणकावर गेले आहे. या यंत्रणांच्या आत बसून 'ही यादी चुकीची आहे' असे ठामपणे सांगणारी माणसे समाजाला हवी आहेत. नुसते 'एरर घालविणारे' कारागीर नकोत.

तथागतांनी कालामांना जो उपदेश केला तो इथे आठवतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. यंत्राने सफाईदार मराठीत, आत्मविश्वासाने सांगितलेल्या उत्तराला हीच कसोटी लावली पाहिजे. ते चुकीचे उत्तरही तितक्याच ठसक्यात देते. अस्तित्वातच नसलेल्या तयार आज्ञावलीचे नाव बिनदिक्कत सांगते.

आता वेगाविषयी. या सहायकांमुळे काम किती भराभर होते याचे आकडे नेहमी सांगितले जातात. कोपायलटच्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरांना एक ठरावीक काम दिले गेले. सहायक वापरणाऱ्यांनी ते ५५.८ टक्के कमी वेळात केले. हे खरे आहे. पण दुसरी बाजूही आहे. 'मीटर' या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच परिचयाच्या मोठ्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली. सहायक वापरल्यावर त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. आणि त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के लवकर काम केले असे वाटत होते! दोन्ही प्रयोगांतून एकच बोध निघतो. काम लहान, सुटे आणि स्पष्ट असेल तर यंत्र वेळ वाचविते. काम मोठे आणि गुंतलेले असेल तर यंत्राने दिलेले तपासण्यात आणि निस्तरण्यात तो वेळ परत जातो. आणि 'मला भराभर येते' ही भावना फसवी असू शकते. शिकणाऱ्या मुलाने हे विशेष लक्षात ठेवावे. आज घरी शंभर चुका यंत्राने काढून दिल्या. उद्या परीक्षेच्या कागदावर आणि मुलाखतीच्या टेबलावर यंत्र नसेल, तेव्हा काय?

नोकरीचा प्रश्न तर याहून कठीण आहे. नव्याने लागलेल्या मुलाला कंपन्या पूर्वी कोणते काम देत? साध्या चुका शोधण्याचे, छोट्या दुरुस्त्यांचे. त्यातूनच तो तयार होत असे. नेमके तेच काम आता यंत्र करू लागले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील पगारपत्रकांच्या आधारे दाखविले की, कृत्रिम बुद्धिमत्तेची झळ ज्यांना सर्वाधिक बसते अशा व्यवसायांत २२ ते २५ वयोगटाचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला. अनुभवी लोकांना मात्र तशी झळ बसली नाही. ही आकडेवारी अमेरिकेची आहे, पण आपल्या संगणक कंपन्यांचे मोठे गिऱ्हाईकही अमेरिकाच आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. शिडीची पहिली पायरीच काढून घेतली गेली, तर त्याचा फटका ओळखीपाळखी नसलेल्या आपल्या मुलांना आधी बसणार. म्हणून 'कोलन कुठे राहिला' एवढे सांगता येणारा प्रोग्रामर होऊन भागणार नाही. 'ही यादी का चुकली' हे सांगता येणारा प्रोग्रामर झाले पाहिजे.

फुकटाच्या मोहाविषयीही दोन शब्द. नोव्हेंबर २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने आपली 'चॅटजीपीटी गो' ही योजना भारतात एक वर्ष मोफत देऊ केली. २०१६ मध्ये जिओनेही सुरुवातीला इंटरनेट फुकटच वाटले होते. नंतर बिल सुरू झाले. मिळते ते घ्यावे, पण डोळे उघडे ठेवून घ्यावे. सवय लागल्यावर पैसे मोजण्याची ऐपत ज्याची नसेल त्याची बुद्धी त्या दिवशी पांगळी होता कामा नये. ज्याने सवलतीच्या काळात कारणे शिकून घेतली, त्याचे कोणी काही काढून घेऊ शकणार नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांनी काही शिस्त पाळावी. लाल संदेश आला की आधी तो स्वतः वाचावा; पायथनमध्ये शेवटची ओळ आणि ओळीचा क्रमांक बहुतेक सारे सांगून जातो. दहा मिनिटे स्वतः झटावे. मग सहायकाला विचारावे, पण 'दुरुस्त करून दे' असे नव्हे, तर 'चूक का झाली ते मराठीत समजावून सांग, दुरुस्ती मी करतो' असे. सगळी आज्ञावली ओतण्यापेक्षा जेवढी ओळ अडली तेवढीच आणि पूर्ण संदेश द्यावा. त्यात कोणाचा आधार क्रमांक, पासवर्ड, दाखल्यांची माहिती चुकूनही देऊ नये. सुचविलेला बदल एका वेळी एकच करावा आणि काठावरची उदाहरणे घालून तपासावा: रिकामा रकाना, शून्य, नेमके अडीच लाख. आणि प्रत्येक चुकीचे कारण वहीत एका ओळीत लिहून ठेवावे. अशी शंभर कारणे लिहिलेली वही एखाद्या महागड्या क्लासपेक्षा अधिक देऊन जाईल.

आणि समाजाने काय करावे? आपल्या कित्येक मुलांकडे अजून लॅपटॉप नाही. ती मोबाईलच्या पडद्यावर आज्ञावली लिहितात. मुलींना तोही मोबाईल भावाचा काम झाल्यावर मिळतो. गावोगावच्या जयंती उत्सवांत एका रात्रीच्या डीजेवर जो पैसा उधळला जातो, त्यात वस्तीच्या अभ्यासिकेत एक-दोन जुने पण चांगले संगणक सहज येऊ शकतात. समाज मंदिरे आणि विहारांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. मुंबई, पुणे, नागपूर, बंगळूर इथे आणि परदेशातही आपले अनेक अभियंते मोठ्या पगारावर आहेत. बाबासाहेबांच्या चळवळीने त्यांना तिथे पोचविले. त्यांनी आठवड्यातून दोन तास फोनवर का होईना या मुलांबरोबर बसावे. यंत्र चूक सांगेल. पण 'हे तुला जमेल' असे म्हणणारा, आपल्यातून पुढे गेलेला माणूस यंत्राला होता येणार नाही. शासकीय वसतिगृहांत चालू स्थितीतले संगणक आणि इंटरनेट ही मागणी विद्यार्थी संघटनांनी निवेदनातल्या शेवटच्या कलमातून पहिल्या कलमात आणावी.

एकेकाळी आपल्याला अक्षर नाकारले गेले होते. आज अक्षर सर्वांसमोर खुले पडले आहे, विचारले की उत्तर मिळते. अशा वेळी केवळ उत्तर घेऊन निघून जाणे हा त्या लढ्याचा अपमान ठरेल. आपल्या मुलामुलींनी या यंत्राला पहिला प्रश्न विचारावा तो 'का?' हा. आणि त्याचे उत्तर स्वतःच्या बुद्धीला पटल्याशिवाय पुढच्या ओळीवर जाऊ नये.